चार शहरांचे भिंतीवरचे घड्याळ : घ्यावे, पण शहराच्या नावावर विसंबून नव्हे

आमचे हिशेबांचे छोटे कार्यालय नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळ आहे. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील व्हाइटहॉर्स, तसेच अमेरिकेतील डेन्व्हर आणि लॉस एंजेलिस येथील काही व्यावसायिकांची जमाखर्चाची कामे, पगारपत्रके आणि बँक रिकन्सिलिएशन येथून केले जाते. रात्रपाळीतील मंडळींना प्रत्येक फोनपूर्वी मोबाइलमध्ये वेळ शोधावी लागू नये, म्हणून चार शहरांची वेळ एकाच वेळी दाखवणारे डिजिटल भिंतीघड्याळ घेण्याचे ठरले. रविवार कारंजाजवळील एका जुन्या दुकानातून ते ४,२०० रुपयांना घेतले. एक हिवाळा आणि एक उन्हाळा ते वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

घड्याळाची बांधणी चांगली आहे. लाल आकडे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून स्वच्छ दिसतात, रात्री प्रकाश कमी करता येतो आणि वीज गेली तरी आतील छोट्या सेलमुळे वेळ हरवत नाही. जागतिक (ग्रीनिचच्या) वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असलेली भारताची अर्धवट वाटणारी प्रमाणवेळही ते बिनतक्रार दाखवते, जे स्वस्तातल्या अनेक घड्याळांना जमत नाही. एवढ्यावर थांबलो असतो, तर पूर्ण गुण दिले असते.

अडचण नोव्हेंबरमध्ये आली. घड्याळात शहरांची तयार यादी आहे आणि त्या यादीत व्हाइटहॉर्स आहे, हे पाहून आम्हाला खरेदीच्या वेळी विशेष आनंद झाला होता. डेन्व्हर आणि लॉस एंजेलिस येथे मार्चमध्ये घड्याळे तासभर पुढे नेतात (हीच ‘उन्हाळी वेळ’) आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे आणतात. त्या नियमाप्रमाणे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी या दोन शहरांच्या ओळी एक तास मागे गेल्या. त्यांच्यासोबत व्हाइटहॉर्सची ओळही मागे गेली. ती जायला नको होती. नाशिकमध्ये रात्रीचे दहा वाजले असता तेथे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, परंतु घड्याळ साडेआठ दाखवत होते. ग्राहक दुकान उघडून आमच्या फोनची वाट पाहत बसलेला आणि आमची मंडळी ‘अजून उघडले नसेल’ म्हणून चहा घेत असलेली, असा प्रकार त्या आठवड्यात घडला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षे घड्याळे तासभर पुढे नेली होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही; त्यामुळे वर्षातून दोनदा घड्याळ फिरवण्याचा व्यवहार आपल्याला परकाच वाटतो. युकॉनमध्ये मात्र तो अनेक दशके चालू होता आणि लोक त्याला कंटाळले होते. तेथील सरकारने २०२० च्या प्रारंभी जनतेचे मत मागवले, तेव्हा ४,८०० हून अधिक प्रतिसाद आले आणि त्यांपैकी ९३ टक्के लोकांनी घड्याळे फिरवणे बंद करावे असे सांगितले. त्यानुसार ८ मार्च २०२० रोजी घड्याळे शेवटची पुढे गेली आणि १ नोव्हेंबर २०२० रोजी ती मागे घेतली गेली नाहीत. पूर्वीची उन्हाळी वेळ, म्हणजे जागतिक वेळेपेक्षा सात तास मागे असलेली वेळ, हीच आता तेथील बारमाही प्रमाणवेळ आहे. परिणामी व्हाइटहॉर्सची वेळ उन्हाळ्यात लॉस एंजेलिसशी जुळते आणि हिवाळ्यात डेन्व्हरशी. घड्याळाच्या आत बसवलेला नियम मात्र २०२० पूर्वीचाच राहिलेला आहे, आणि हे यंत्र इंटरनेटला जोडता येत नसल्यामुळे तो बदलण्याची सोय नाही. गेल्या वर्षीच्या पंचांगावरून यंदाची एकादशी काढावी, तसे हे झाले.

आमच्या दृष्टीने युकॉनचा निर्णय सोयीचाच ठरला आहे. नाशिक आणि व्हाइटहॉर्स यांच्यातील अंतर आता बाराही महिने साडेबारा तासांचे आहे. सकाळची रात्र किंवा रात्रीची सकाळ करावी आणि अर्धा तास वजा करावा, की हिशेब संपला. खरे तर एवढ्यासाठी घड्याळच लागू नये! तेथील रहिवाशांना मात्र या सोयीची किंमत हिवाळ्यातील सकाळी मोजावी लागते. व्हाइटहॉर्स सुमारे ६१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे दिवस जेमतेम साडेपाच तासांचा असतो आणि नव्या वेळेनुसार सूर्य सकाळी अकरा वाजून गेल्यावर उगवतो. नाशिकमध्ये घड्याळ सूर्याच्या सुमारे पस्तीस मिनिटे पुढे असते आणि तरीही थंडीत सकाळची शाळा आपल्याला जड जाते. व्हाइटहॉर्समध्ये ते जवळजवळ दोन तास पुढे आहे. त्याच्या बदल्यात त्यांना दुपारनंतर थोडा अधिक उजेड मिळतो. सूर्यास्त पूर्वी पावणेचारच्या सुमारास होत असे, तो आता पावणेपाचच्या सुमारास होतो. जूनमध्ये दिवस एकोणीस तासांचा असल्यामुळे तासाभराच्या फरकाने कोणाचे काही अडत नाही. इतक्या उत्तरेला घड्याळ फिरवून उजेड ‘वाचवण्या’चा खटाटोप मला तरी निरर्थक वाटतो.

तक्रार घेऊन दुकानात गेल्यावर अनुभव चांगला आला, हे नमूद केले पाहिजे. उन्हाळी वेळेची स्वयंचलित सोय बंद करावी, असे माहितीपुस्तिकेत म्हटले आहे; परंतु ते बटण चारही ओळींना एकत्रच लागू होते, त्यामुळे व्हाइटहॉर्सची ओळ जुन्या हिवाळी वेळेवरच अडकून राहणार आणि मार्चमध्ये डेन्व्हर आणि लॉस एंजेलिसही चुकणार. दुकानातील वयस्कर कारागिरांनी पुस्तिका पूर्ण वाचली, यादी खालीवर केली आणि म्हणाले, “मॅडम, नाव सोडा. कधीच न बदलणारं आणि तुमच्याच वेळेचं गाव सांगा.” तसे गाव यादीत होते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग १९६८ पासून उन्हाळी वेळ पाळत नाही आणि तेथील वेळही जागतिक वेळेपेक्षा सात तासच मागे आहे. त्यांनी तिसऱ्या ओळीला फिनिक्स लावले, काचेवरील त्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्यावर मार्करने सुबक अक्षरात ‘व्हाइटहॉर्स’ लिहून दिले. पैसे घेतले नाहीत. वाळवंटातल्या शहराची वेळ बर्फातल्या गावाच्या नावाखाली आमच्या भिंतीवर तेव्हापासून अचूक चालू आहे.

उत्पादक कंपनीला मात्र सवलत देता येत नाही. उत्तरेकडील प्रदेशांत वेळेचे नियम वारंवार बदलले जातात, ही काही गुप्त माहिती नव्हे. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ स्वीकारली आणि २०१४ मध्ये ती सोडून कायमची हिवाळी वेळ घेतली. ग्रीनलंडच्या बहुतांश भागात २०२३ च्या शरद ऋतूत घड्याळे मागे घेतली गेली नाहीत, आणि पुढच्या मार्चमध्ये ती पुन्हा पुढे नेण्यात आली. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळे फिरवणे थांबवण्याच्या बाजूने मतदान केले, तरी सदस्य देशांचे एकमत न झाल्याने ते प्रत्यक्षात आले नाही. उद्या एकमत झाले, तर या यादीतील निम्मी शहरे एका रात्रीत चुकीची ठरतील. असे असताना प्रत्येक ओळीचा फरक हाताने भरण्याची साधी सोयही न देणे हा आळस आहे.

ज्यांचे काम दुबई, सिंगापूर किंवा टोकियोशी आहे, त्यांनी हे घड्याळ निःशंकपणे घ्यावे, कारण त्या शहरांत वेळ बदलतच नाही. अमेरिकेशी काम असणाऱ्यांनाही सध्या अडचण येणार नाही. कॅनडा किंवा युरोपच्या उत्तर भागाशी संबंध असल्यास थोडे अधिक पैसे मोजून वायफायवरून नियम अद्ययावत करणारे घड्याळ पाहावे; तेवढे अंदाजपत्रक नसेल, तर खरेदीपूर्वी दुकानातच घड्याळाची तारीख डिसेंबरची करून प्रत्येक शहराची वेळ मोबाइलवरील त्याच तारखेच्या वेळेशी ताडून घ्यावी. दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत. घड्याळाला पाचपैकी तीन गुण, दुकानाला पाच.