पुट्टी रोज वापरून झालेला अनुभव, खास करून मराठी डेटा असेल तर वाचा

आमचं टॉवेलचं युनिट आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत. स्टॉक, चलन, बिलं सगळं एका लिनक्स सर्व्हरवर, काळ्या स्क्रीनवाला जुना प्रोग्राम, आणि विंडोज पीसीवरून तिथं जायला पुट्टी (PuTTY), म्हणजे सर्व्हरची स्क्रीन आपल्या पीसीवर दाखवणारं टर्मिनल सॉफ्टवेअर. दिवाळीच्या आधी सगळ्या टेबलांवर टाकलं, तेव्हापासून सकाळी शटर उघडल्यापासून रात्रीपर्यंत चालूच असतंय. फुकट आहे, फाईल एवढीशी, जुन्या पीसीवर पण पळतं, आणि आपोआप बंद पडलंय असं एकदाही झालं नाही. त्यामुळं घ्या असंच सांगेन. पण कुठं अडतं ते आधी कळलं पाहिजे.

पहिलं मराठी, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला. टर्मिनल म्हणजे मुळात १९७८ च्या व्हीटी१०० मशीनची नक्कल, ८० कॉलम आणि २४ ओळी, गणिताच्या चौकटीच्या वहीसारखं, एका चौकटीत एक अक्षर. इंग्रजीला हे बरोबर बसतं. आता सोलापुरात गल्लोगल्ली दुकानाच्या पाटीवर 'सिद्धेश्वर' असतं, तेच नाव घ्या. आपण वाचताना सि, द्धे, श्व, र अशी चार अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना जे नंबर देतो त्या हिशोबानं, त्याची होतात १० कॅरेक्टर (काना-मात्रा, पाय मोडायची खूण वेगळी धरून), ती साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३० बाइट, आणि टर्मिनलच्या नेहमीच्या हिशोबानं ७ चौकटी, कारण उकार, एक मात्रा आणि पाय मोडायची खूण यांची रुंदी शून्य धरतात आणि काना-वेलांटीला मात्र अख्खी चौकट देतात. मग वेलांटी 'स'च्या आधी यायची ती नंतर येऊन बसते, द आणि ध एकमेकांना जोडतच नाहीत, आणि वाचणारा म्हणतो फॉन्ट बदला. फॉन्ट बदलून काही होत नाही हो, आम्ही सगळे बदलून बघितले. पुट्टीत अरबी अक्षरं जोडून दाखवायची सोय आहे, उजवीकडून डावीकडं दाखवायची पण आहे, फीचर्समध्ये ती बंद करायचे पर्याय दिसतात. देवनागरीसाठी तसं काहीच नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण इतकं चांगलं सॉफ्टवेअर इथंच कमी पडतं.

त्यात आमचा सर्व्हरवरचा प्रोग्राम पार्टीच्या नावाला २० ची जागा ठेवतो आणि ते २० म्हणजे बाइट. मराठीच्या एका कॅरेक्टरला तीन बाइट लागतात, म्हणून नाव 'सिद्धे' पर्यंत येतं, पुढचा श मधेच कापला जातो आणि तिथं प्रश्नचिन्ह येतं. हा दोष पुट्टीचा नाही हे ऑपरेटर लोकांना समजावून सांगावं लागलं. लिनक्सवर एमएलटर्म म्हणून एक टर्मिनल आहे, ते भारतीय लिप्या जोडून दाखवतं, तेही लावून बघितलं, अक्षरं छान दिसली पण रकमेचा कॉलम सरकायचा तो सरकलाच, कारण प्रोग्राम चौकटी त्याच्या पद्धतीनं मोजतो आणि टर्मिनल त्याच्या. आमच्याकडं तेलुगू आणि कन्नड नावंही असतात, तिथंही हीच अडचण. शेवटी टर्मिनलमध्ये नावं इंग्रजी लिपीत आणि मराठी प्रिंट ब्राउझरमधून, असं ठरवलं.

दुसरा त्रास कीबोर्डचा. एफ१ ते एफ४ दाबलं की मेनू उघडायच्या ऐवजी स्क्रीनवर कायतरी कचरा यायचा. कीबोर्ड सेटिंगमध्ये फंक्शन की साठी एक्सटर्म आर६, लिनक्स, एससीओ असे प्रकार आहेत, तुमचा प्रोग्राम कुठल्या सिस्टिमसाठी लिहिलेला त्याप्रमाणं निवडा. जुन्या एससीओ युनिक्सवरून आणलेला प्रोग्राम असेल तर बहुतेक एससीओच लागेल.

कंट्रोल एस दाबलं की स्क्रीन गोठते. नवीन मुलं सेव्ह म्हणून दाबतात आणि हँग झालं म्हणून थेट खिडकी बंद करतात, एंट्री अर्धवट. ते हँग नसतंय, कंट्रोल क्यू दाबा, परत सुरू. राइट क्लिक त्याहून धोक्याचं, विचारल्याशिवाय पेस्ट होतं, आणि कॉपी केलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये ओळी असतील तर प्रत्येक ओळीला एंटर लागून फॉर्म पुढं पुढं पळतो. सिलेक्शन सेटिंगमध्ये 'विंडोज' प्रकार निवडला की राइट क्लिकला मेनू येतो. हे पहिल्याच दिवशी करा.

कनेक्शन तुटायचा विषय आपल्याकडं येणारच. जेवायच्या सुट्टीत पीसी नुसता पडून राहिला की राउटर कनेक्शन विसरतो, त्यासाठी कीपअलाइव्ह (कनेक्शन जागं ठेवायला मधून मधून पाठवायचा रिकामा सिग्नल) शून्यावर असतो तो ६० सेकंद करा. पण लाइट जाऊन राउटर दोन-चार मिनिटं बंद पडत असेल तर हाच कीपअलाइव्ह उलट लवकर तोडतो, म्हणून सर्व्हरवर टीमक्स (tmux, कनेक्शन गेलं तरी काम सर्व्हरवर चालू ठेवणारा प्रोग्राम) लावलं, आता तुटलं तरी काम जिथल्या तिथं सापडतं. चालू सेशनमध्ये बदललेलं सेटिंग आपोआप सेव्ह होत नाही हे पण ध्यानात ठेवा, आधी सेशन लोड करायचं, बदलायचं, मग सेव्ह. आणि हे सगळं विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात असतं, नुसती फाईल कॉपी करून नवीन पीसीवर येत नाही.

डॉट मॅट्रिक्सवर चलन काढायचं असेल तर रिमोट प्रिंटिंग आहे, म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्राम आपल्या पीसीच्या प्रिंटरवर छापतो, टर्मिनल सेटिंगमध्ये प्रिंटर निवडावा लागतो, मुळात बंद असतं. आमचं व्यवस्थित चालतंय.

व्हर्जन मात्र बघून घ्या. ०.६८ ते ०.८० मध्ये पी-५२१ प्रकारच्या की मध्ये (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची की फाईल, कीबोर्डवरची नव्हे) गंभीर त्रुटी होती, लॉगिनच्या वेळी होणाऱ्या डिजिटल सह्या गोळा करून प्रायव्हेट की, म्हणजे त्यातला गुप्त भाग, काढता येत होती, एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ आलं त्यात ती दुरुस्त केली. तसली की वापरली असेल तर नुसतं अपडेट करून भागत नाही, जुनी की सर्व्हरवरून काढून नवीन बनवावी लागते.