लॅम्पशेडची जाळी: षटकोन, पेनरोज की व्होरोनॉय?

गोल शेड करायची असेल तर पेनरोजचा नाद सोडा. गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९७०च्या दशकात मांडलेली, दोन प्रकारच्या समभुज चौकोनांची ही नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येतच नाही. नळकांड्याभोवती गुंडाळली की कडा जुळत नाहीत, मागे उभा जोड दिसतो. षटकोनांचा हिशोब सरळ आहे. १५ सेमी व्यासाच्या शेडचा घेर साधारण ४७१ मिमी, एका ओळीत १२ षटकोन, म्हणजे प्रत्येकी ३९.३ मिमी. कार्डशीट आणि कटर घेऊनही जमेल. दिसायला मात्र जरा शिस्तशीर, ऑफिसात शोभणारं.

व्होरोनॉयमध्ये आधी ठिपके विखुरायचे. ज्या ठिपक्याला जी जागा सर्वांत जवळ, ती त्याची, म्हणजे त्याचं घर. भेगाळलेल्या शेतासारखी जाळी तयार होते. सगळ्या ठिपक्यांची एकेक नक्कल डावी-उजवीकडे ठेवून आकृती काढली की जोड कळतही नाही. ठिपके कुठे दाट, कुठे विरळ हे आपल्या हातात असतं: वाचायचा दिवा असेल तर खाली मोठी भोकं, डोळ्यांसमोर बारीक. ही सोय बाकी दोन्हींत इतकी सहज नाही, म्हणून माझं मत यालाच. फक्त कम्प्युटरच्या कोडने कुठेही टाकलेले ठिपके तसेच वापरू नका, काही घरं नखाएवढी होतात. प्रत्येक ठिपका आपल्या घराच्या मध्यावर सरकवायचा (लॉइडची पद्धत), असं दोन-तीनदा करा. फार केलंत तर जाळी पुन्हा षटकोनांकडेच झुकते!

पेनरोज खुलतो चौकोनी पेटीच्या दिव्यात. नियम एकच, तरी चारही बाजू वेगळ्या. ३ मिमी प्लायवर लेझर कटिंग करा, पण आकार बारीक घेऊ नका. त्यातल्या निमुळत्या समभुज चौकोनाचा कोन ३६ अंशांचा. बाजू १५ मिमी धरली तर उंची ८.८ मिमी. मधली पट्टी ३ मिमीची ठेवली की ५.८ उरते, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी. बाजू ३० केली की सुमारे ७० टक्के जागा मोकळी राहते.

भिंतीवर नक्षीची सावली हवी असेल तर दुधी बल्ब नको, ती पुसट पडते. छोटा, उघडा एलईडी लावा. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएची (प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकची) शेड काढली असेल तर तापणारा, जुन्या तारेचा बल्ब अजिबात नको. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं.