ब्लू रग जुनिपर: उतारासाठी मस्त, पण कुंडीतून काढून मुळं बघितल्याशिवाय घेऊ नका

न्यू जर्सीत ज्यांच्या घरापुढे उतार आहे आणि जे दर शनिवारी मोअर घेऊन तिथे घसरगुंडी खेळतात त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. ड्राइव्हवेच्या कडेचं लॉन काढून आम्ही ब्लू रग जुनिपर, म्हणजे जमिनीलगत गालिच्यासारखं पसरणारं सदाहरित झुडूप, लावलं आणि मी तरी जाम खूष आहे.

उंची जेमतेम 6 इंच, पसरतं मात्र 6 ते 8 फूट, म्हणून दोन रोपांत 5 फूट तरी सोडाच. पहिली दोन वर्षं सगळं उघडंबोडकं दिसतं, दुकानवाले जवळजवळ लावा म्हणणारच, त्यांना खपवायचीयत, तुम्ही मधे मल्च (लाकडाच्या सालींचा थर) टाका आणि गप्प बसा. हरणांनी शेजारचे होस्टा फस्त केले पण याला तोंड लावलं नाही. रस्त्यावरच्या मिठाचंही याला फारसं काही वाटत नाही, वाटणार कसं, मूळ रोप 1914 साली मेन राज्यातल्या व्हायनलहेवन बेटावर सापडलेलं, खाऱ्या वाऱ्यातलंच झाड ते. थंडीत निळा रंग जाऊन जांभळट होतो, मेलं समजून उपटू नका, वसंतात परत निळं होतं. सासूबाई इंडियातून आल्या तेव्हा म्हणाल्या, अगं हे सुरूचं झाड असं आडवं का पडलंय!

आता तक्रार. रोपं चांगली, पण जिथून घेतली त्या गार्डन सेंटरने कुंडीला लावलेल्या लेबलवर चक्क अर्धी सावली चालेल असं लिहिलेलं. अजिबात चालत नाही, 6 तास कडक ऊन हवंच, नाहीतर मधूनच विरळ होतं. शिवाय निम्म्या रोपांची मुळं कुंडीत गोल गोल गुंडाळलेली, ती सुरीने उभी चिरून मोकळी केल्याशिवाय लावायची नाहीत. आणि आपली ही चिकणमाती पाणी धरते, त्यामुळे रोप खड्ड्यात खोल न पुरता जमिनीपेक्षा बोटभर वर ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बुडाशी भरपूर पाणी, स्प्रिंकलर नको, पानं सतत ओली राहिली की शेंडे तपकिरी पडायची बुरशी लागते.

उन्हाळ्यात पानं धुरकट, फिकट दिसली तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका, कागदावरचे ठिपके चालायला लागले तर ते कोळी कीड (स्पायडर माइट), पाण्याचा जोरात फवारा मारा. छोट्या शंकूसारख्या पिशव्या लटकलेल्या दिसल्या तर त्या बॅगवर्म नावाच्या अळीच्या, हिवाळ्यातच हाताने तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, आत अंडी असतात. छाटणी फक्त हिरव्या भागात हं, जुन्या उघड्या लाकडापर्यंत कापलंत की तिथे परत काही फुटत नाही, भोक ते भोकच राहतं.

झाडाला 5 पैकी 5, त्या दुकानाला 2. उताराला ऊनच नसेल तर पैसे वाया घालवू नका, सरळ सावलीत पसरणारं पॅकिसँड्रा लावा.