मंत्र्यांचा ओएसडी: वर्तणूक नियमांत बांधलेला बरा की मोकळा?

मागच्या महिन्यात एका धाकट्या सहकाऱ्याचा फोन आला. मंत्री कार्यालयातून त्याला विचारणा झाली होती आणि समोर दोन वाटा होत्या. एक, आपल्या खात्यातून उसनवार तत्त्वावर खासगी सचिव म्हणून जायचं. दुसरी, स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेरचा माणूस म्हणून ओएसडी, म्हणजे विशेष कार्य अधिकारी, व्हायचं. पगार, दालन, गाडी यांचा हिशेब त्याने माझ्याआधीच मांडला होता. त्याला एवढंच विचारायचं होतं: "सर, नियम पाच डोक्यावर असलेला बरा, की नसलेला?"

मी दोन्ही करून बसलोय. आधी जवळजवळ तीन वर्षं सेवेत राहून, पुढे निवृत्ती घेऊन दुसऱ्या एका मंत्र्यांकडे. म्हणून लिहितोय. नमुना दोनच कार्यालयांचा आहे, तेव्हा याला संशोधन समजू नका.

नियम पाच म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला. पक्षाचं सदस्यत्व नको, प्रचार नको, हे सगळ्यांना पाठ असतं. गंमत बारीक अक्षरात आहे. केंद्राच्या १९६४ च्या नियमांत तर असं स्पष्टच म्हटलंय की मतदान जरूर करा, पण कोणाला करणार याचा सुगावा लागू देऊ नका, आणि घरावर किंवा गाडीवर निवडणूक चिन्ह लावलंत तर तोही प्रभाव टाकणंच. आता विचार करा, एवढं सोवळं पाळणारा माणूस दिवसभर ज्यांच्या शेजारी बसतो, ते त्याच चिन्हावर निवडून आलेले असतात.

मोकळ्या ओएसडीच्या बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा इथेच आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मंत्र्याचं काम राजकीयच असतं. मग त्याच्या उजव्या हाताने राजकारण दिसतच नाही असं का भासवायचं? ब्रिटनने हे सरळ मान्य केलंय. तिथल्या स्पेशल ॲडव्हायझरना, म्हणजे मंत्र्यांच्या राजकीय सल्लागारांना, तटस्थ राहण्याच्या अटीतून सूट आहे आणि २०१० च्या कायद्यात त्यांची वेगळी नोंद आहे. पण सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारात उतरायचं असेल तर त्यांनाही पद सोडावं लागतं. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या राजकारणाला आवर घालणारा हॅच ॲक्ट १९३९ चा. व्हाइट हाउसमधल्या वरिष्ठांना त्यात वेळ आणि जागेची बरीच सवलत आहे, फक्त खर्च तिजोरीतून व्हायला नको. पदाचा वापर करून निवडणुकीवर प्रभाव टाकायला मात्र त्यांनाही मनाई आहे. ती पाळली जाते का? २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या सल्लागार केलीॲन कॉनवे यांना पदावरून काढा अशी शिफारस हा कायदा राबवणाऱ्या ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेलने केली, त्या राहिल्या. २०२१ च्या अहवालात त्याच कार्यालयाने ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या १३ वरिष्ठांवर उल्लंघनाचा ठपका ठेवला, तोवर सरकारच बदललं होतं. बांधलेल्या माणसाची दोरी कोणी ओढणारच नसेल तर ती नुसती दिसायला, हा आक्षेप मला मान्य आहे.

आपल्याकडे ती एकदा ओढली गेली, आणि तीही केवढ्या जोराने! यशपाल कपूर हे पंतप्रधान सचिवालयात ओएसडी होते. १९७१ च्या निवडणुकीत रायबरेलीत इंदिरा गांधींचा प्रचार करण्यासाठी त्यांनी १३ जानेवारीला राजीनामा दिला. १४ तारखेपासून तो स्वीकारल्याची अधिसूचना निघाली २५ जानेवारीला. मधल्या दिवसांत ते सरकारी नोकर होते की नव्हते? हरलेले उमेदवार राजनारायण यांच्या याचिकेवर अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी होते असं ठरवलं, आणि इंदिरा गांधींची निवडणूक ज्या दोन कारणांनी रद्द झाली त्यांतलं सरकारी नोकराची प्रचारात मदत घेणं हे एक. पुढे कायदाच मागच्या तारखेपासून बदलला गेला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल फिरला, तो भाग वेगळा. सहकाऱ्याला मी एवढंच सांगितलं की दुसरी वाट धरणार असशील तर अर्ज दिल्यापासून आदेश हातात पडेपर्यंत पक्ष कार्यालयाच्या चहालाही जाऊ नकोस.

आता माझं स्वतःचं.

सेवेत असताना दौरा कार्यक्रम माझ्या सहीने निघायचा. सकाळी १०.३० शासकीय विश्रामगृह येथे आगमन, ११.०० आढावा बैठक, दुपारी ४.०० ते ७.०० राखीव. या 'राखीव'चा अर्थ जिल्ह्यातल्या शिपायालाही कळतो. साहेब पक्षाच्या बैठकीला जायचे आणि मी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात ड्रायव्हरबरोबर बसायचो, माझा धर्म सांभाळत. पण त्या बैठकीत साहेब ज्या कागदावरून बोलायचे तो मीच सकाळी केलेला असायचा. तालुकानिहाय मंजूर कामं, खर्च, शिल्लक. वरचं 'आढावा टिपणी' काढून 'केलेली कामे' लिहिलं की झालं. आकडे तेच, टंकलेखनही तेच. मला याची लाज वाटायची आणि आजही हे लिहिताना जरा वाटतेच. आचारसंहिता लागली की मात्र हा खेळ बंद व्हायचा, कारण तेव्हा सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करता येत नाही. मग मी मंत्रालयात आणि साहेब त्यांच्या गाडीने.

म्हणूनच दुसऱ्या खेपेला मोकळा झालो तेव्हा पहिला महिना फार बरं वाटलं. नेमणुकीच्या आदेशात मानधन होतं, मुदत होती, पक्षाबद्दल चकार शब्द नव्हता. बैठकीला उघडपणे पुढच्या रांगेत बसलो. राखीव बिखीव काही नाही.

मग एका फोनने सगळं बिघडवलं. एका गावच्या पाणीपुरवठा योजनेची सुधारित प्रशासकीय मान्यता अडकली होती. मंत्रालयात तो विषय सांभाळणाऱ्या कार्यासन अधिकारी बाई माझ्या जुन्या ओळखीच्या. नस्ती, म्हणजे फाइल, कुठे आहे एवढंच विचारायला फोन केला. एरवी दोन मिनिटांचं काम. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, हे मंत्री कार्यालयाकडून विचारताय की पक्षाकडून?"

आवाजात खोच नव्हती. हवं तर ईमेल करा, नस्तीत लावता येईल, असंही म्हणाल्या. चूक काहीच नव्हतं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण तो प्रश्न पुढे रोज येत राहिला, कधी तोंडाने, कधी नुसत्या शांततेने. तीन वर्षं माझ्या फोनला जे वजन होतं ते खुर्चीचं आहे असं मला वाटायचं. खुर्ची तीच होती की! प्रत्येक चौकशी लेखी, प्रत्येक उत्तर चार दिवसांनी. शेवटी ज्या गावाची योजना अडकली होती त्यालाच माझ्या मोकळेपणाचा भुर्दंड.

उलट बाजूने येणारे फोन त्याहून वाईट. तालुक्याचे पदाधिकारी म्हणायचे, "तुम्ही आता आपलेच ना? मग त्या मास्तरांच्या बदलीचं बघा की." आधीच्या खेपेला "भाऊ, मी सरकारी माणूस, यात पडलो तर माझीच चौकशी लागेल" म्हटलं की विषय संपायचा. शिव्या देत का होईना, जायचे. आता सांगायला काही उरलंच नव्हतं. नाही म्हटलं तर ते माझं नाही ठरायचं आणि संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर जायचं. नियम पाच मला तीन वर्षं जाचक वाटत होता. पाऊस सुरू झाल्यावर कळलं की आपण छत्री घरी ठेवून आलोय.

मोकळी वाट कोणालाच योग्य नाही असं मी म्हणणार नाही. भाषणं लिहायची असतील, मतदारसंघ सांभाळायचा असेल, नस्तीला हात लागणारच नसेल, तर बंधन कशाला? फक्त अशा माणसाचा पगार पक्षाने द्यावा असं माझं आपलं मत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं होतं की मंत्र्यांकडून खासगी सचिव आणि ओएसडीसाठी १२५ नावं आली आणि त्यांतली १०९ मंजूर केली. आत कोण येतो यावर अशी नजर असणं चांगलंच. आत आल्यावर तो संध्याकाळी चार ते सात काय करतो, हे कोण बघणार, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. जो फोन उचलून कार्यासनाला कामाला लावू शकतो, त्याला तरी नियमाने बांधलेलं असावं, मग तो सेवेतून आलेला असो की बाहेरून.

सहकाऱ्याला मी हे सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, तुझं तू ठरव, तुझे साहेब वेगळे, काळ वेगळा. त्याने उसनवारीचा पर्याय निवडला, असं नंतर कळलं. परवा त्याने आपल्या सहीचा पहिला दौरा कार्यक्रम मला व्हॉट्सॲपवर पाठवला. कौतुकाने उघडला. आगमन, आढावा बैठक, अभ्यागतांच्या भेटी, आणि खाली: सायंकाळी ५.०० ते ८.०० राखीव.