किनाऱ्याची पेटी शाळेत काही महिने वापरल्यानंतर

किनाऱ्याचा निसर्ग आणि वारसा शिकवण्यासाठी वस्तू, कार्डं आणि पुस्तिका भरलेली ही पेटी शाळांना उसनी मिळते, एरवी पंधरवड्यासाठी देतात. आमच्या केंद्रातल्या तीन छोट्या शाळांनी एकत्र मागणी केली, म्हणून ती गणपतीच्या सुट्टीनंतर आली आणि मार्चअखेरपर्यंत सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातच फिरत राहिली. मागवायचा विचार असेल तर आधी हे ऐका: पंधरा दिवसांत ही पेटी फक्त बघून होते. मुलं तिच्यातल्या वस्तू हाताळून कंटाळतात आणि त्याच घेऊन किनाऱ्यावर जायला लागतात, तिथून पुढे ती उपयोगी पडते.

सगळ्यात जास्त वापरली गेली ती भरती-ओहोटीची तबकडी. पुठ्ठ्याची साधी चकती आहे, तिथी फिरवली की भरतीची वेळ दिसते. पाचवीतल्या एका मुलाचे आजोबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला जायचे. ते म्हणाले, चकती कशाला हवी, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे हा पाऊण तासाचा हिशेब बराच जुळतो. मुलांनी चकती, आजोबांचं गणित आणि धक्क्याच्या खांबावरच्या खुणा, तिन्ही ताडून पाहिलं. थोडाफार फरक पडायचा, आणि तो का पडतो यावर जी चर्चा व्हायची ती माझ्या कुठल्याही पाठापेक्षा सरस होती. अपूर्णांकांचा गुणाकारही त्यातच पक्का झाला.

याच हिशेबातून सहलीचा दिवस ठरवता येतो, आणि ही गोष्ट पेटीसोबतच्या पुस्तिकेत कुठेच नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात लांब जातं, पण ओहोटी पडते भल्या पहाटे किंवा संध्याकाळी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, शाळेच्या वेळात येते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, खडक नीट उघडे पडत नाहीत. द्वितीया-तृतीया शनिवारी आली तर सकाळची शाळा आणि आठच्या सुमाराची ओहोटी छान जमते. आम्ही तशाच शनिवारांची वाट बघायचो.

कांदळवनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीचा कप्पा मला मनापासून आवडला. कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते, तिचा लांबलचक कोंब पेटीत वाळवून ठेवला आहे. खाडीवर तसाच हिरवा कोंब लटकताना दिसल्यावर मुलं जी ओरडली! तिवराच्या पानावरचं मीठ बोटाने चाटून पाहिलं, चिखलातून वर आलेली श्वासमुळं मोजली. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, २०२० साली तसं जाहीर झालं, हे मलाही पेटीमुळेच कळलं.

कासवाच्या कप्प्यात ऑलिव्ह रिडलेच्या पावलांचे ठसे खऱ्या मापात छापलेलं कापड आहे. ही मादी वल्ह्यासारखे पाय एकाआड एक टाकत सरकते, म्हणून डाव्या-उजव्या खुणा समोरासमोर येत नाहीत. कापड व्हरांड्यात अंथरून मुलं तशीच सरपटली. वाळू जास्त तापली की अंड्यांतून माद्या जास्त निघतात, हे ऐकून मोठ्या मुलींनी प्रश्नांचा भडिमार केला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं उदाहरण मी मुद्दाम सांगितलं. २००२ पासून तिथे घरटी राखली जातात आणि त्यात गावकऱ्यांचा हात आहे, हे मुलांना कळायलाच हवं.

वारशाचा भाग मात्र कमी पडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचं कोडं पहिल्याच दिवशी सुटलं, मग कुणी हात लावला नाही. १६६४ साली कुरटे बेटावर पायाभरणी झाली एवढं लिहून चालत नाही. भर समुद्रात गोड पाणी कुठून, हा मुलांचा प्रश्न होता. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचं साधं चित्रसुद्धा पेटीत नाही. त्या मानाने कातळशिल्पांचा, म्हणजे सड्यावरच्या खडकात कोरलेल्या प्राचीन चित्रांचा दोर अप्रतिम आहे. गाठी मारलेला दोर मैदानावर पसरून कशेळीचा हत्ती खऱ्या मापात, सुमारे १८ मीटर लांब आखता येतो. सगळी शाळा त्या हत्तीच्या पोटात बसली. मूळ शिल्पात त्याच पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत, म्हणून मुलांनीही खडूने मासे, पाकट, कासवं भरली. इथे हत्ती होते का, जांभ्या दगडावर एवढं कोरलं कशाने, हे प्रश्न आठवडाभर चालले. अशीच कातळशिल्पं असलेल्या आमच्याच जिल्ह्यातल्या कुडोपीचं नाव पुस्तिकेत ठळक असायला हवं होतं.

तक्रारी आहेत. पावसाळी हवेत कार्डांच्या कडा सुटतात, भिंगांवर बुरशी येते. पुस्तिकेची भाषा सातवीच्या वरची आहे, पहिली-दुसरीसाठी सगळं आपल्यालाच सोपं करावं लागतं. चित्रफितींना रेंज लागते, आमच्याकडे ती नसते. प्रवाळाचा खरा तुकडा न ठेवता साच्यातली प्रतिकृती ठेवली आहे, कारण प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे. हे योग्यच आहे, आणि जिवंत शंख उचलायचा नाही हा नियम त्यावरूनच मुलांना पटवता आला.

शक्य असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ मागा, कासवांचा हंगाम त्यातच येतो आणि कार्डंही टिकतात. एकट्या शाळेला एवढी मुदत मिळणार नाही, म्हणून केंद्रप्रमुखांमार्फत दोन-तीन शाळांचा एकच अर्ज करा आणि पेटी हलवताना यादीवर दोन्ही शाळांच्या सह्या घ्या.