पर्यावरणाच्या धड्यांतून इंग्रजी व्याकरण: हे सराव-पुस्तक घ्यावं का?

आधी निकाल सांगते, मग कारणं. इंग्रजी व्याकरण आणि वाचन पक्कं करायचं असेल आणि हवा, पाणी, जंगल या विषयांत थोडा जरी रस असेल, तर हे पुस्तक घ्या. फक्त मागच्या उत्तरसूचीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आणि शेवटचे दोन धडे सोडले तरी चालतील.

पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच साच्यातली आणखीही पुस्तकं मिळतात, आणि मी जे तपासलं ते त्यांतल्या कुठल्याही पुस्तकाला लावून बघता येईल.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. उपकरणांच्या माहितीपुस्तिका, चाचण्यांच्या कृती, अहवाल, सगळं इंग्रजीत. त्यामुळे व्याकरणाची पुस्तकं याआधीही बरीच चाळली आहेत. त्यांतली वाक्यं ठरलेली: जॉन लवकर उठतो, मेरी पत्र लिहीत आहे. अशा वाक्यात काळ चुकला तरी काही बिघडत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतंच. या पुस्तकात काळ चुकला की विज्ञानच चुकतं. माझ्या दृष्टीने हीच त्याची खरी ताकद.

रचना साधी आहे. दीड-दोन पानांचा उतारा, त्याखाली शब्दार्थ, मग व्याकरणाचा एकच मुद्दा, त्यावर सराव आणि शेवटी एखादा आलेख किंवा तक्ता वाचून लिहायचा परिच्छेद.

सगळ्यात उत्तम जमलेला धडा तळ्याचा, म्हणजे युट्रोफिकेशनचा. शेतातलं खत पावसाबरोबर वाहून तळ्यात येतं. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, पृष्ठभाग हिरवागार होतो आणि खालच्या वनस्पतींना उजेड मिळेनासा होतो. मग ते शेवाळ मरतं, तळाशी बसतं, जिवाणू ते कुजवायला लागतात आणि कुजवताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. मासे मरतात ते या शेवटच्या टप्प्यावर. पुस्तकात ही वाक्यं उलटसुलट करून दिली आहेत. ती क्रमाने लावायची आणि ‘बिकॉज’, ‘बिकॉज ऑफ’, ‘देअरफोर’, ‘विच लीड्स टू’ यांनी जोडायची.

हा सराव पाठांतरावर उरकता येत नाही. शेवाळ वाढलं म्हणून ऑक्सिजन गेला, असं थेट जोडलं की मधले जिवाणू गळतात आणि साखळी तुटते. जोडशब्द कुठे बसतो हे कळायला आधी कुठल्या गोष्टीमुळे काय झालं हे कळावं लागतं. प्रयोगशाळेत बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची, चाचणी करताना आम्ही नेमकं हेच मोजतो: बाटली पाच दिवस २० अंश सेल्सिअसला अंधारात ठेवायची आणि तेवढ्या काळात जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला ते काढायचं. अंधार अशासाठी की बाटलीतल्या शेवाळाने प्रकाशसंश्लेषण करून नवा ऑक्सिजन तयार करू नये. चाचणीची कृती मला पाठ होती, पण तिचं कारण इंग्रजीत एका दमात, न अडखळता लिहिता आलं ते या धड्यानंतर.

इथे मराठीत विचार करणाऱ्यांसाठी एक खाचखळगा आहे, तो पुस्तकात नाही म्हणून सांगते. आपण ‘शेवाळामुळे’ म्हणतो आणि ‘शेवाळ वाढल्यामुळे’ही म्हणतो. आपलं ‘मुळे’ दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत पहिल्याला ‘बिकॉज ऑफ’ लागतं, कारण पुढे नुसतं नाम आहे. दुसऱ्याला ‘बिकॉज’, कारण पुढे कर्ता-क्रियापदाचं पूर्ण वाक्य येतं. ही फोड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

ओझोनचा धडाही असाच मन लावून केलेला आहे. व्याकरणाचा मुद्दा साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला फरक, आणि त्यासाठी याहून चांगला विषय मिळणं कठीण. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सीएफसी वायूंमुळे, म्हणजे त्या काळी फ्रिज आणि फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या रसायनांमुळे, ओझोनला धोका असल्याचं मांडलं. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनमध्ये मोठी घट होत असल्याचं, म्हणजेच ओझोनचं ‘छिद्र’, दाखवून दिलं. १९८७ मध्ये सीएफसींना आळा घालणारा माँट्रियल करार झाला, १९८९ पासून तो लागू झाला, आणि १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मोलिना, रोलंड आणि क्रुट्झन यांना मिळालं. या सगळ्या घटना साल टाकून बंद झालेल्या, म्हणून साधा भूतकाळ. पण सीएफसींचा वापर घटला आहे, ओझोनचा थर सावरू लागला आहे, ही वाक्यं अजून उघडी आहेत, त्यांचा धागा आजपर्यंत येतो. तिथे ‘हॅज’ लागतं.

मराठीत ‘हे छिद्र १९८५ साली सापडलं आहे’ असं कुणी म्हटलं तर कान टवकारत नाहीत. इंग्रजीत घटना कुठल्या साली झाली हे सांगितलं की ‘हॅज’ला जागा नाही. नियम प्रत्येक व्याकरणात असतो, पण इथे एकाच गोष्टीत संपलेल्या आणि चालू असलेल्या घटना शेजारी शेजारी ठेवल्यामुळे तो डोळ्यांसमोर घडताना दिसतो.

याच धड्याच्या पुढच्या भागात जर-तरची वाक्यं येतात. करार झालाच नसता तर काय झालं असतं, याचं संगणकीय प्रारूप नासाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडलं होतं. त्यानुसार २०६५ पर्यंत पृथ्वीवरचा दोन तृतीयांश ओझोन नाहीसा झाला असता. ‘इफ’ नंतर ‘हॅड’, पुढे ‘वुड हॅव’. हा सांगाडा अनेक वर्षं कोरडाच वाटत आलेला. इथे त्याच्या आत एक टळलेलं संकट आहे. टळलेल्या गोष्टीबद्दल बोलायला भाषेला वेगळं रूप का लागतं, हे या एका उदाहरणाने समजतं.

जर-तरच्या साध्या प्रकारात मात्र पुस्तक आपल्या कामाची सूचना देत नाही. ‘तापमान वाढलं तर बर्फ वितळेल’ यातलं ‘वाढलं’ दिसायला भूतकाळी आहे, अर्थ भविष्याचा. तेच रूप जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की वाक्य बिघडतं. तिथे ‘इफ’ नंतर साधा वर्तमानकाळ हवा.

आता तो धडा, ज्यासाठी मी पुस्तकाची सगळी किंमत वसूल झाली असं मानते. विषय हवामानबदल, व्याकरणाचा मुद्दा शक्यता दाखवणारी क्रियापदं आणि क्रियाविशेषणं. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालांत असे शब्द ठरलेल्या मापाने वापरतात. ‘लाइकली’ म्हणजे शक्यता किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे किमान ९५. अलीकडच्या तापमानवाढीला मुख्यतः माणूस जबाबदार आहे, याबद्दल २००१ च्या अहवालात ‘लाइकली’ आलं, २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’, २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. आणि २०२१ च्या अहवालाने माणसामुळे वातावरण, समुद्र आणि जमीन तापली आहे हे निर्विवाद असल्याचं सांगितलं, शक्यतेचा शब्दच काढून टाकला. पुरावा जसा साठत गेला तशी वाक्यरचना बदलत गेली. वीस वर्षांचं विज्ञान चार शब्दांत वाचायला मिळतं.

आपल्याकडे ‘शकणे’ हे एकच क्रियापद सगळं ओढून नेतं. यंत्र चालू शकतं, पाऊस पडू शकतो, नमुन्यात जिवाणू असू शकतात. म्हणून इंग्रजीत आपला हात सारखा ‘कॅन’कडे जातो. क्षमतेसाठी ते बरोबर, पण या वेळी, या ठिकाणची शक्यता सांगायची तर ‘मे’ किंवा ‘माइट’ हवं. माझ्या कामात हा फरक किरकोळ नाही. ‘या नमुन्यात जिवाणू आहेत’ आणि ‘असण्याची शक्यता आहे’ यांवर पुढचा माणूस वेगवेगळे निर्णय घेतो: एका ठिकाणी पाणी बंद होतं, दुसऱ्या ठिकाणी नमुना पुन्हा मागवला जातो.

बाकीचे धडे भरभर सांगते. ‘द’चा धडा कामचलाऊ आहे, ‘द ॲटमॉस्फिअर’ पण ‘क्लायमेट चेंज’ला काही नाही, एवढं त्यातून हाती लागतं. ‘पोल्यूशन’, ‘वेस्ट’, ‘एव्हिडन्स’, ‘रिसर्च’ यांचं सहसा अनेकवचन होत नाही आणि ‘इमिशन्स’चं होतं, याचा सराव भरपूर आहे. नामांच्या लांबलचक माळा वाचण्यावर एक छोटा भाग आहे, तो चुकवू नका. ‘सी सरफेस टेम्परेचर डेटा’ असं काही समोर आलं की आधी शेवटचं नाम पकडायचं आणि मग मागे मागे जात ‘चा-ची-चे’ लावत अर्थ उलगडायचा: माहिती, कशाची, तापमानाची, कुठल्या, समुद्राच्या पृष्ठभागाच्या. वैज्ञानिक मजकूर वाचताना दम लागतो तो बहुतेक इथेच. ध्वनिमुद्रण सोबत दिलं आहे, पण आवाज इतका संथ आणि सपाट आहे की उच्चारांपुरतंच ऐकावं.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. ओझोनच्याच धड्याखाली, कर्मणी प्रयोगाच्या सरावात, असं वाक्य आहे की ओझोनच्या छिद्रातून जास्त ऊन आत येतं आणि त्यामुळे पृथ्वी तापते. व्याकरण निर्दोष, विज्ञान चूक. छिद्रामुळे अतिनील किरण जास्त पोहोचतात, तो धोका त्वचेला, डोळ्यांना, पिकांना आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना. तापमानवाढ मुख्यतः उष्णता अडवणाऱ्या वायूंमुळे होते, त्यांत कार्बन डायऑक्साइडचा वाटा सर्वात मोठा. सीएफसीसुद्धा उष्णता अडवणारे वायू आहेत, पण ती वेगळी गोष्ट आणि तिला छिद्र लागत नाही. हा गैरसमज आधीच घरोघरी आहे. मूळ उतारा इतका काळजीपूर्वक लिहिणाऱ्यांनी सरावाची वाक्यं कुणाकडून तरी घाईत लिहून घेतलीत असं दिसतं.

दुसरी तक्रार लांडग्यांच्या धड्याची. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून लांडगे परत आणून सोडले, त्यामुळे एल्क हरणं कमी झाली, झाडं वाढली, नद्यांची पात्रंसुद्धा बदलली, असं सगळं ठाम सुरात सांगितलं आहे. यात लांडग्यांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. ज्या पुस्तकाने शक्यतेच्या शब्दांवर इतका सुंदर धडा दिला, त्यानेच ते शब्द इथे वापरू नयेत याचं वाईट वाटतं. तुम्हीच तो उतारा घ्या आणि जिथे ठाम विधान आहे तिथे ‘मे हॅव’ घालून पुन्हा लिहा. पुस्तकात नसलेला, पण उत्तम सराव होईल.

तिसरी छपाईची. हवाई बेटांतल्या मौना लोआ या डोंगरावरच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख, कीलिंग यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या मोजणीचा, वाढ-घट सांगणाऱ्या क्रियापदांसाठी निवडला आहे. निवड अचूक. दहा लाखांत सुमारे ३१५ भागांपासून आता ४२० च्या पुढे गेलेली रेषा, आणि त्या चढणीवर दर वर्षीची करवत: मे महिन्यात शिखर, मग उत्तर गोलार्धातल्या वनस्पती वायू शोषून घेतात तसा सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतार. पण आलेख इतका बारीक छापलाय की करवत दिसतच नाही, नुसती एक जाड रेघ वर गेलेली दिसते. खाली प्रश्न मात्र ‘फ्लक्चुएट’, म्हणजे वर-खाली होणे, वापरून वाक्य लिहा असा.

उत्तरसूची प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देते आणि कारण देत नाही. काळांच्या धड्यात हे चालून जातं. शक्यतेच्या धड्यात दोन-दोन उत्तरं बरोबर असू शकतात, तिथे एकट्याने अभ्यास करणारा अडकतो. आणि शेवटचे दोन धडे म्हणजे पृथ्वी वाचवा, झाडं लावा अशी ‘मस्ट’ आणि ‘शुड’ची रांग. कळकळ खरी असेल, पण किती, कुठे, कशी याचा पत्ता नाही, त्यामुळे भाषेलाही काम उरत नाही.

साधं वाक्य जुळवायलाच अजून वेळ लागत असेल, तर हे पुस्तक थोडं थांबून घ्या. वर्तमानपत्रातली छोटी इंग्रजी बातमी समजत असेल, तर लगेच सुरू करा, आणि पानांच्या क्रमाने जाऊ नका. आधी तळं, मग ओझोन, मग हवामानबदल. उतारा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून तो तोंडी सांगून बघा. जिथे अडाल तिथलंच व्याकरण उघडा. प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत निदान ओझोनवरचं ते चुकीचं वाक्य काढावं आणि कीलिंगचा आलेख पूर्ण पानभर छापावा.