गॅमस्टॉप : स्वतःहून घातलेली बंदी कितपत टिकते?

ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगारापासून लांब राहू पाहणाऱ्यांसाठी २०१८ साली सुरू झालेल्या गॅमस्टॉप या मोफत सेवेत मी गेल्या वर्षी नाव नोंदवले. एकदा नाव नोंदवले की जुगाराची परवानाधारक संकेतस्थळे त्या माणसाला खेळू देत नाहीत. नाव, जन्मतारीख, ईमेल, पोस्टकोड भरायचे आणि सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे यांपैकी मुदत निवडायची, एवढेच काम. मात्र जुने पत्ते आणि विसरलेले ईमेल आठवण्यातच माझा अर्धा तास गेला, कारण जुळणी याच तपशिलांवरून होते. निवडलेली मुदत संपण्याआधी, कितीही गयावया केली तरी, बंदी उठत नाही, आणि माझ्या मते सेवेचे खरे मोल त्यातच आहे. उद्योगाच्या मर्जीवर सोडले असते तर हे साधले असते का, याची मला शंकाच आहे. ३१ मार्च २०२० पासून सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना सहभाग सक्तीचा झाला, तेव्हा कुठे तिला धार आली. परवाना नसलेली परदेशी संकेतस्थळे अजूनही तिच्या आवाक्याबाहेर आहेत. तिसऱ्याच आठवड्यात अशा एका ठिकाणाहून ‘फ्री स्पिन्स’चा, म्हणजे फुकट डावांचे आमिष दाखवणारा संदेश रात्री साडेअकराला माझ्या फोनवर आला. जुगाराचे व्यवहार रोखण्याची बँकेच्या ॲपमधली सोय मी त्याच रात्री सुरू केली.